यान मास्तरांचं पुस्तक आणि मी टोपली

मी टोपली बोलते. बांबूची, माणसाच्या कमरेइतकी उंच, वर झाकण आणि पाठीवर घ्यायला दोन पट्टे. मला वाचता येत नाही हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी एका पुस्तकाची हकिगत सांगणार आहे आणि तुम्ही म्हणाल, ही शहाणी कुठून आली! वाचता येत नाही, पण सगळ्या नानजिंग शहरात माझ्याइतकी अक्षरं कुणाच्या पोटात गेली नसतील. परीक्षांना बसबसून टक्कल पडलेले पंडितसुद्धा माझ्यापुढं उपाशीच.

माझा जन्म नदीकाठच्या बुरूडआळीतला. बुरुडानं मला विणली ती बदकांसाठी. आमच्या नानजिंगच्या माणसाला बदकाशिवाय घास उतरत नाही. कुणाला खारवलेलं लागतं, कुणाला भाजलेलं, आणि काही उरलं नाही तर रक्ताचं सूप. तीन वर्षं मी पिल्लं वाहिली. पिल्लं फार बोलतात, सगळी एकदम बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. म्हणून पुढं विद्वानांच्या मंडळात गेले तेव्हा मला मुळीच परकं वाटलं नाही.

त्या मंडळाचं काम असं. लिहिलेला कागद म्हणजे देवाचा अंश. तो तुडवायचा नाही, त्यात मासे बांधायचे नाहीत, त्यानं खिडकीचं भोक बुजवायचं नाही. टाकून दिलेला एकेक चिटोरा गोळा करायचा, विद्येच्या देवाच्या देवळामागं विटांची उंच भट्टी आहे तिच्यात उदबत्ती लावून जाळायचा आणि राख वाजतगाजत नदीत सोडायची. असं करणाऱ्याच्या घरात पोरं परीक्षा पास होतात, आणि कागदाचा अपमान करणाऱ्याच्या पोरांच्या डोक्यातली होती नव्हती ती अक्षरंही उडून जातात. हे आमच्याकडं दुधपितं मूलसुद्धा जाणतं.

मंडळानं मला विकत घेतलं, तीन पाण्यांनी धुतलं, पिवळा रंग दिला आणि पोटावर चार मोठी अक्षरं काढली, आमच्याकडं एका अक्षरात एक शब्द. ‘लिहिल्या कागदाचा मान राखा.’ हे मला फार नंतर कळलं. मी आपली समजत होते, ‘आत बदकं आहेत’ असंच लिहिलं असणार. एवढं धुतलं तरी हवा दमट झाली की माझ्या अंगाला बदकांचा वास सुटायचा. मंडळाचे अध्यक्ष तिंग साहेब नाकाला रुमाल लावून म्हणायचे, “विद्येला असा वास कसा काय येतो?”

मला पाठीवर घेऊन फिरायचा तो कांग म्हातारा. सगळी गल्ली त्याला कांगकाका म्हणायची. हातात बांबूचा चिमटा, पायात गवताच्या चपला, आणि आवाज असा की झोपलेलं मांजर उठून बसावं. “लिहिलेला कागद द्या हो! पायाखाली नका घालू, माझ्या टोपलीत घाला!” त्यालाही वाचता येत नव्हतं. आमची जोडी छान जमली. चिटोरा उचलला की तो आधी कपाळाला लावायचा, मग माझ्यात ठेवायचा. एकदा औषधाच्या दुकानाचा कागद त्यानं असाच कपाळाला लावला, तर मंडळातला वेई विद्यार्थी खदखदून हसला. “काका, त्यावर जुलाबाच्या गोळ्यांची जाहिरात आहे!”

कांगकाका म्हणाला, “असेना. अक्षराला ठाऊक असतं का, आपल्याला कुठं बसवलंय ते?”

हा वेई विद्यार्थी अठ्ठावन्न वर्षांचा होता बरं का. पहिली परीक्षा पास व्हायची बाकी म्हणून विद्यार्थी. नातू त्याच्याबरोबर परीक्षेला बसायचा.

लोकांच्या घरातलं मी पुष्कळ पाहिलं. बाप मेला की त्याची निबंधांची वही सून चपलेचा साचा कापायला घेते. आपल्याला आलेली प्रेमाची चिठ्ठी कुणी फेकत नाही, नवऱ्याला आलेली मात्र लगेच माझ्यात पडते.

आमच्या फेरीतलं शेवटचं घर यान मास्तरांचं. घराण्यात एके काळी मोठमोठे अधिकारी होऊन गेले. मास्तरांनी परीक्षा सोडून दिली, वाडवडिलांचं होतं नव्हतं ते मित्रांना जेवू घालण्यात संपवलं, आणि आता लोकांचे अर्ज आणि पत्रं लिहून दिवस काढत होते. उरलेल्या वेळात पुस्तक लिहीत. वीस वर्षं एकच पुस्तक! पंडितांवर, अंमलदारांवर, मोठेपणाला हपापलेल्या माणसांवर. कोऱ्या कागदाला पैसे नसत, म्हणून तिळाच्या पोळ्या बांधून आलेल्या कागदाच्या पाठीवर लिहीत. अख्ख्या पुस्तकाला तेलाचे डाग. लिहून झालं की पानं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवत. उंदरांपासून तेवढीच एक जागा राखलेली होती.

आम्ही गेलो की मास्तर म्हणायचे, “बसा काका. टोपली उतरवा. ऐका.”

आणि नवं लिहिलेलं वाचून दाखवायचे. कांगकाकाला हसू आलं तर पान बरणीत. नाही आलं तर माझ्यात. एवढाच नियम. काका कधी उगाच हसला नाही. एकदा मास्तरांनी चंद्रोदयाचं वर्णन दोन पानं वाचलं.

“काय काका?”

“चंद्र चांगला आहे,” काका म्हणाला, “पण तो उगवेपर्यंत माझा पाय झोपला.”

मास्तरांनी एक उसासा टाकला आणि चंद्र माझ्यात आला. त्या पुस्तकात जे नाही ते सगळं माझ्या पोटात होतं. रडकी प्रेतयात्रा, उपदेशाची तीन प्रकरणं, सात चंद्र. पुस्तक चांगलं झालं असेल तर त्यात माझाही थोडा हात आहे, असं मी मानते. हात नाही, पण समजून घ्या.

आता तिंग साहेबांचं सांगते. हा माणूस रस्त्यात चिटोरा दिसला की पालखी थांबवून स्वतः खाली उतरायचा. पाहणारे पाहत राहायचे, आणि कुणी पाहणारं नसेल तर पालखीही थांबत नसे. त्यांचा धाकटा भाऊ वारला. त्याच्या बायकोच्या दोन खोल्या साहेबांनी आपल्या मुलाच्या अभ्यासासाठी घेतल्या आणि तिला सरपणाच्या खोपटात धाडलं. घराण्याचे मुख्य तेच, म्हणजे दाद मागायची तीही त्यांच्याकडंच. त्या बाईनं, छिनबाई तिचं नाव, यान मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि भर मंडळात येऊन साहेबांपुढं धरला.

साहेब उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी अर्ज घेतला. कपाळाला लावला. उघडलासुद्धा नाही. म्हणाले, “बाई, लिहिलेला कागद आहे. याचा मान राखायलाच हवा.” आणि माझं झाकण उघडून अलगद आत ठेवला.

छिनबाई म्हणाली, “भाऊजी, वाचा तरी!”

“वाचून मळवू कशाला?” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उदबत्त्या लावून अर्ज भट्टीत गेला. कांगकाकानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि घरी जायच्या आधी यान मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी शाई घोटायला घेतली. मग त्यांनी प्रकरण लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं, पण अर्ज मात्र शब्दन् शब्द तोच घातला. लिहिणारे तेच ना, पाठच होता! वाचून दाखवलं तेव्हा काका इतका हसला की त्याला उचकी लागली, आणि हसता हसताच त्यानं बाहीनं डोळे पुसले. पान बरणीत गेलं.

मास्तरांना एकच खोड. चांगलं जमलेलं पोटात राहायचं नाही. चहाच्या दुकानात त्यांनी ते प्रकरण वाचलं. दुकानात तिंग साहेबांचा आचारी बसला होता. संध्याकाळच्या जेवणाबरोबर त्यानं मालकांना तेही वाढलं. “साहेब, त्या यानच्या पुस्तकात तुम्ही आहात म्हणतात. लोक पोट धरून हसत होते.”

साहेबांना ते पुस्तक जाळायचं होतं. पण पंचाईत अशी की दोन महिन्यांवर मुलाची प्रांताची परीक्षा. रागाच्या भरात लिहिलेला कागद फाडला आणि त्याचं फळ मुलाला लागलं तर? म्हणजे जाळायचं, पण आदरानं. मग त्यांना मंडळाचा नियम आठवला, की ओंगळ जागी ठेवलेला लिहिलेला कागद मंडळानं उचलून न्यावा. लोणच्याची बरणी ओंगळ नाही तर काय?

सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी साहेब, वेई विद्यार्थी आणि लो शेठ यान मास्तरांच्या दारात हजर. हा लो शेठ तांदळाचा व्यापारी. अधिकाऱ्याची पदवी विकत घेऊन टोपीवर मणी लावून हिंडायचा, झोपतानाही काढत नसे म्हणतात. मागं कांगकाका, त्याच्या पाठीवर मी. साहेबांनी नियमांचा फलकच बरोबर आणला होता.

“वाचा, मास्तर. अक्षर ओळखीचं वाटतंय का?”

ओळखीचं म्हणजे! मंडळाचे नियम मास्तरांनीच लिहून दिले होते, दोन वाट्या शेवयांच्या बदल्यात.

मास्तर बरणीपुढं उभे राहिले. “हे वीस वर्षांचं काम आहे हो. दुसरी प्रत नाही.”

“म्हणूनच तर लोणच्यात ठेवलेलं बघवत नाही,” साहेब मायेनं म्हणाले. “पंधरवड्याला, पौर्णिमेला, सगळ्यांसमक्ष जाळू. मंडळाचा मान तुम्हाला मिळेल. कांग, भर टोपली.”

काका पुढं झाला. त्यानं पहिल्यांदाच कागद कपाळाला न लावता माझ्यात ठेवले. मास्तर भिंतीकडं तोंड करून बसले. रिकामी बरणी त्यांनी मांडीवर घेतली होती.

मी एवढी जड कधी झाले नव्हते. देवळाच्या अंगणात काकानं मला उतरवलं. साहेब भट्टीकडं बघून हात चोळत होते. तेवढ्यात काका म्हणाला, “साहेब, कागदाला डाग आहेत.”

“असू देत.”

“कलम सातवं. ‘डागाळलेला कागद चंदनाच्या पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून मगच अग्नीला द्यावा.’ मास्तरांनी मला एकदा वाचून दाखवलं होतं. वाचता येत नाही ना, म्हणून विसरता येत नाही.”

साहेबांनी फलक पाहिला. होतं कलम.

“बरं. धू.”

दुसऱ्या दिवशी अंगणभर दोऱ्या बांधून काकानं पानं वाळत घातली. काजळाची शाई पक्की, एक अक्षर हललं नाही. उलट तेल निघून गेलं आणि पानं अशी स्वच्छ दिसू लागली की मास्तरांनीही ती तशी कधी पाहिली नसतील. पानं सुकली तसा काका पुन्हा उभा राहिला.

“साहेब, कलम नववं. ‘कागदावर गुरूंचं किंवा बादशहाचं नाव असेल तर तो वेगळा काढावा.’ एकेक ओळ वाचून बघायला हवी. मला कुठलं वाचता येतंय!”

साहेबांनी दात आवळले. बादशहाचं नाव चुकून जळलं तर मुलाची परीक्षा राहील बाजूला, आपलंच मुंडकं राहायचं नाही. “वेई, लो शेठ. वाचा.”

दोघे दोरीखाली उभे राहून वाचू लागले. आधी कपाळाला आठ्या. मग वेईच्या खांद्याला एक हिसका बसला. मग लो शेठनं टोपी धरली.

“अहो शेठ, हे बघा, विकतची पदवी घेणारा! झोपेतसुद्धा टोपी घालतो! हा तो पलीकडच्या घाटावरचा तेलवाला, नाही का?”

“तोच! हुबेहूब!” लो शेठ हसून लाल झाला. “आणि हे बघा, नातवाकडून निबंध लिहून घेणारा म्हातारा. हा कोण हो?”

“असे खूप आहेत,” वेई डोळे पुसत म्हणाला. “आमच्या गल्लीत तर दोन आहेत.”

बाकीचे सभासद जमले. जो तो शेजाऱ्याला ओळखत होता आणि स्वतःच्या पानावर आला की म्हणायचा, हा बाहेरगावचा दिसतो. शेठनं कोरा कागद आणला आणि “तेलवाल्याला दाखवायला” एक प्रकरण उतरवून घेतलं. वेईनं दुसरं उतरवलं. आठवडाभरात मंडळातल्या प्रत्येकाच्या बाहीत कुणाची तरी टिंगल उतरवलेला कागद होता. मला तर तीच जुनी पिल्लं परत आल्यासारखी वाटली.

यान मास्तर इकडं फिरकले नाहीत. अन्न सुटलं होतं त्यांचं. काका रोज त्यांच्या दारात जाऊन सांगायचा, “अजून नाही जाळलं.” ते मान हलवायचे.

पौर्णिमेच्या सकाळी साहेब स्वतः वाचायला बसले. आपली बदनामी जाळण्याआधी ती आहे कुठं हे तरी बघू, म्हणून. अर्जाचं प्रकरण आलं. वेईनं मान खाली घातली. काकानं माझा काठ घट्ट धरला.

साहेबांनी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर केली तर डोळ्यांत पाणी!

“कोण हा सज्जन?” ते म्हणाले. “विधवा भावजय भांडायला येते, अर्ज पुढं करते, पण हा रागावत नाही, फाडत नाही, तुडवत नाही! कपाळाला लावून उदबत्तीनं जाळतो! असे लोक राहिलेत कुठं? आणि यात हसण्यासारखं काय आहे?”

सगळे आपापल्या जोड्यांकडं बघत होते.

“या पुस्तकात मी कुठं आहे? वेई, तू सांग.”

“सापडला नाहीत, साहेब,” वेई म्हणाला. घसा साफ करून पुन्हा म्हणाला, “कुठंच नाही.”

“म्हणजे आचारी खोटारडा! असलं धर्माचं पुस्तक जाळायचं? हे पान तर उतरवून काढा आणि गल्लीगल्लीत लावा. कांग, मग सगळं मास्तरांना परत दे. बरणीत ठेवू नका म्हणावं.”

पान उतरवून गल्लीगल्लीत लागेपर्यंत दुपार टळली, मग काका धावत सुटला. त्या वयात, मला पाठीवर घेऊन! माझं झाकण टाळ्या वाजवत होतं.

मास्तरांनी पानं उराशी धरली, हुंगली. “तेलाचा वास गेला,” म्हणाले. मग कसं काय सुटलं ते विचारलं, आणि काकानं रंगवून रंगवून सांगितलं. काकाला वाटलं, मास्तर हसतील. पण मास्तर एकेका वाक्याला विझत गेले.

“त्याला कळलंच नाही?”

“नाही ना! गल्लीगल्लीत लावलंय आता! लोक त्याच्या पालखीकडं बघून हसतात आणि तो पालखीतून हात जोडतो!”

“शेठला नाही कळलं, वेईला नाही कळलं. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला शेजारीच दिसतो. वीस वर्षं मी काय केलं, काका?” मास्तर उठले. पानांचा सगळा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडं आले. “नियम ठाऊक आहे ना? फसलेलं पान टोपलीत. घाल यांना पौर्णिमेच्या भट्टीत. आज आहेच.”

माझं झाकण उघडंच होतं. तिंग साहेबांपासून वाचलेलं पुस्तक आता लिहिणाऱ्याच्याच हातून माझ्यात यायला निघालं होतं. मी टोपली. मला कुणी काही दिलं तर ‘नको’ म्हणता येत नाही.

कांगकाकानं आयुष्यात कधी कुणाचा लिहिलेला कागद नाकारला नव्हता. त्यानं झाकण लावलं आणि माझ्यावर बसला. चांगला फतकल मारून बसला.

“उठा काका.”

“टोपली भरलीय.”

“रिकामी आहे. माझ्यासमोर रिकामी केली आत्ता.”

“भरलीय म्हणतो ना.”

“काका, तुम्ही खोटं बोलताय?”

“पहिल्यांदाच बोलतोय, जमत नसेल.” काकानं बूड आणखी दाबलं. “मास्तर, तिंगला नाही कळलं. नको कळू दे. दुपारी लो शेठच्या दुकानासमोर ते पान लावलं आणि शेठनं मोठ्यानं वाचलं. छिनबाई तांदूळ निवडत बसली होती तिथं. तो अर्ज तिनं तुमच्याकडून लिहून घेतला, तिच्या भाऊजीनं उघडला नाही, भट्टीनं खाल्ला. आज तो तिच्यासमोर पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत वाचला. माणसं हसत होती, मग गप्प झाली. एकजण म्हणाला, मग त्या बाईच्या दोन खोल्यांचं काय झालं? आणि सगळे तिच्याकडं वळले. तिनं सूप खाली ठेवलं, उभी राहिली आणि सांगायला लागली. मी निघालो तेव्हाही सांगतच होती.”

मास्तर पानं धरून तसेच उभे. बाहेर रस्त्यावर वाजंत्री वाजली, राखेची मिरवणूक नदीकडं चालली होती. मग मास्तर खाली बसले. बरणी पुढं ओढली आणि एकेक पान आत ठेवू लागले. शेवटचं ठेवून म्हणाले, “काका, चंद्राचं एक पान असायला हवं होतं कुठंतरी.”

“नको,” काका म्हणाला. “उठू का आता?”

पण उठवेना. काकाच्या वजनानं माझा काठ आत दबला होता, मधल्या चार कामट्या मोडल्या होत्या आणि म्हातारा त्यात रुतला होता. मास्तरांनी हात धरून ओढला तेव्हा निघाला. दोघांचं हसणं शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं.

तेव्हापासून मी अशी वाकडी. मंडळानं नवी टोपली घेतली, सरळ काठाची, बदकांचा वास नसलेली. मास्तरांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, कांगकाका त्यांच्या आधी गेला. पुस्तक मात्र हातोहात फिरतंय म्हणतात, आणि वाचणारा प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बोट दाखवून हसतो म्हणे. हसू द्या. मी काकाच्या मुलीकडं असते. ती माझ्या दबलेल्या झाकणावर मुळ्याच्या चकत्या वाळत घालते, आणि पाहुणा आला की म्हणते, “ही मोडकी फेकून द्यायची राहिलीय.”

फेकू नका हो मला. वाकडी आहे, पण मुळा खाली सांडत नाही. आणि तुमच्यापैकी कुणी लिहिणारा असेल, वैतागून सगळं टाकायला निघाला असेल, तर त्याला माझ्याकडं धाडा. माझं झाकण त्या दिवसापासून नीट उघडतच नाही.